पूर्ण बाह्यांचा शर्ट

"दुपारच्याला एकली उतरू नको, बाय. पोहायचा पूल नवा हाय, पन जागा आमच्या तलावाची हाय," गोजराकाकी म्हणाली होती. काकी मूळची इथल्याच शिरवणे गावची. तिच्याच शेतावर ही सोसायटी उभी राहिलेली. ऋताने हसून टॉवेल खांद्यावर टाकला. कॉलेजच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. ताई नोकरीवर गेलेली, तिची चिमुरडी ईश्वरी जेवून झोपलेली. तेवढाच काय तो वेळ ऋताचा. दार ओढून घेतलं की झालं.

पलीकडचा काठ गाठून तिने डोकं वर काढलं, तर शेजारी तो. पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पाण्यात.

"ओ, बोर्ड वाचला नाही का? सुती कपडे घालून उतरायचं नाही."

"वाचला. पण माझ्याकडे दुसरे नाहीत."

"मग बुडाल कधीतरी."

"आता नाही बुडत," तो हसला. "मी शिवा. लावतेस पैज?"

तिने लावली. सुती कपडा पाणी पितो, बाह्या भरतात, प्रत्येक हाताला पोतं ओढल्यासारखं होतं… हे तिला पक्कं ठाऊक. तिच्या अंगावर तर शर्यतीचा घट्ट स्विमसूट. तरी तो आधी पोचला. बाही फुगली नव्हती. पाण्यावर साधी लाटही नव्हती.

"चीटिंग केलीस."

"थोडीशी. उद्या ये, परत हरवतो."

ती गेली. मग रोजच जाऊ लागली. तो कधी पाण्याबाहेर येत नसे. "थंडी वाजते," म्हणे.

"मे महिन्यात?"

"तू बघतेस ना अशी… म्हणून."

ती लाजायची, आणि मानेवर काटा यायचा. दोन्ही एकदमच.

एकदा तिने विचारलंच, "शर्ट का नाही रे काढत?"

त्याने बाहीकडे पाहिलं. "एक पोर बुडत होती. मी तशीच उडी घेतली. शर्ट काढायला थांबलो नाही… हातभर कमी पडलो."

"आणि मग?"

"मग पाणीच."

त्या रात्री ऋताला झोप लागली नाही. तरी दुसऱ्या दिवशी ती गेली. गुलाबी, घेरदार अनारकली घालून. आत सवयीने स्विमसूट होताच.

"छान दिसतेस. पाण्यात नको येऊस अशी."

"आज पोहायचं नाहीये. शिवा, मला तू—"

त्याची नजर तिच्या मागे गेली. छपाक आवाज झाला.

ईश्वरी. उठून, दार उघडून, मावशीला शोधत आलेली. खोल बाजूला फक्त तिच्या फ्रॉकचा फुगा दिसत होता.

शिवा झेपावला. त्याचे हात तिच्यातून आरपार गेले.

ऋता उडी मारणार, तोच तो ओरडला, "आधी ड्रेस काढ. माझ्यासारखं नको करू."

थांबणं म्हणजे जीव जाणं वाटत होतं. तरी तिने ओढणी भिरकावली, अनारकली डोक्यावरून ओरबाडली आणि सूर मारला. फ्रॉक हाती लागला. तळाच्या अगदी हातभर आधी.

काठावर ईश्वरी खोकली, मग रडायला लागली. ऋताने मागे वळून पाहिलं. पाणी रिकामं होतं. पायरीवर एक पांढरा शर्ट पडला होता. चिंब, पाणी पिऊन जड झालेला, तलावाच्या गाळाचा वास येणारा.

तिने तो गालाशी धरला. "मला तू आवडतोस," राहिलेलं वाक्य तिने पुरं केलं. तो असायचा तिथे पाण्यावर पहिल्यांदाच एक लाट उठली आणि तिच्या पावलांपर्यंत आली.

आता ऋता दाराची वरची कडी लावते, आणि लावली की परत एकदा हात लावून बघते. तुम्ही हे वाचताय तेव्हा कदाचित दुपार असेल, घर शांत असेल. आत लेकरू झोपलंय ना? नक्की? जरा उठून बघून या.