भट्टीत भाजलेला रंग

सोलापूरजवळ, वळसंगच्या अलीकडे एक अरुंद पूल होता. त्याच्या दगडी कठड्याला आमची गाडी घासली, तेव्हा जो आवाज झाला तो ऐकून मी डोळे मिटून घेतले. स्टिअरिंगवर माझेच हात होते.

"ताई, ब्रेक! ब्रेक दाबा की!" शेजारी बसलेला आमचा ड्रायव्हर धोंडीराम ओरडला.

गाडी थांबली. मी खाली उतरले. डावीकडची दोन्ही चाकं कडेनं ओरबाडली होती आणि पुढच्या चाकाचा एक टवकाच उडाला होता. आणि ती काय साधीसुधी चाकं होती? माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ही जुनी परदेशी गाडी गिरणीतल्या एका साहेबाकडून घेतली होती. तिला लोखंडाची नव्हे, अ‍ॅल्युमिनियमची चाकं होती. मंगळवार पेठेत गाडी उभी राहिली की माणसं वाकून वाकून ती बघायची.

हट्ट माझाच. एकोणीसशे पंच्याहत्तर साल, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मुलींनी गाडी शिकायची नाही असं कुठं लिहिलंय, म्हणून मी धोंडीरामच्या मागं लागले होते. तो "नगं ताई, नगं" म्हणत राहिला… आणि शेवटी किल्ली दिली.

एवढ्यात एक सायकल येऊन थांबली. सायकलवाला उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यानं आधी चाकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पुलानं तुमचं काय वाकडं केलं हुतं?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी फणकारले.

"मला? कायबी न्हाय." तो गुडघ्यावर बसला आणि ओरखड्यावरून हलकेच बोट फिरवू लागला. जणू चाकाला दुखत होतं! "अ‍ॅल्युमिनियम हाय की हे! सोलापुरात पयल्यांदाच बघतोय. चालवत कोण हुतं?"

"मी," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की मलाच लाज वाटली.

तो हसला, पण त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. "मग ब्रेक बरा मारला. न्हायतर ओढ्यातच हुता."

त्याचं नाव गुरुलिंग. होटगी रस्त्यावर त्याचं रंगकामाचं वर्कशॉप होतं. जाताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं. मला कसं कळलं? मीही पाहत होते ना…

घरी आलो. अण्णा ओसरीवरच होते. चाकं बघताच त्यांचा चेहरा लाल झाला.

"कुणी केलं हे?"

मी तोंड उघडणार, इतक्यात धोंडीराम पुढं झाला. "माझ्या हातनं झालं, मालक."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. अण्णा वाट्टेल ते बोलले आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणाले. बारा वर्षं त्यानं आमची गाडी चालवली होती. माझ्या नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी रडले तेव्हा दुपारपर्यंत तो फाटकाबाहेर उभा होता. त्यानं कोपऱ्यातल्या चपला घातल्या आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

चार दिवसांनी अण्णांनी स्वतः गाडी काढली. "होटगी रस्त्याला एक पोरगा हाय म्हणतात, हातात कला असलेला. चल, रंग तू ठरव." तो कोण ते मी ओळखलं.

गुरुलिंगनं मला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. तो वळसंगच्या शंकरप्पांचा मुलगा निघाला. अण्णा त्यांना ओळखत होते. त्याची आई गुरम्मा वर्कशॉपला लागूनच राहायची. म्हणून अण्णा निर्धास्तपणे म्हणाले, "रत्ना, कॉलेजातून येताना बघत जा काम कसं चाललंय ते."

गाडी अंगणात विटांवर चढवून अण्णांनी चाकं वर्कशॉपला पाठवली. मी दुसऱ्याच दिवशी गेले.

"कसला रंग देऊ?" त्यानं विचारलं.

"काहीही. लवकर होईल असा. चकचकीत."

"चकचकीत पायजे तर नुसतं पॉलिश मारतो. आरशावानी दिसंल. पण हितलं पाणी आन् हितली धूळ… महिन्यात काळं पडतंय. रोज पुसत बसाल?"

"मग क्रोम?"

"अ‍ॅल्युमिनियमवर धड धरत न्हाय. पापुद्रे निघत्यात."

"साधा फवाऱ्याचा रंग?"

"पयला दगड लागला की टवका!"

"मग तुम्हीच सांगा ना!" मी वैतागले.

"आता कसं!" त्याचे डोळे हसले. "जुना रंग सगळा काढायचा, पार धातू दिसंस्तवर. टवका भरून घ्यायचा, कानशीनं घासायचा. मग पिवळा प्रायमर, त्यावर रंग, आन् भट्टीत भाजायचा. भाजलेला रंग वर्सानुवर्सं हलत न्हाय. पण येळ लागतो." तो जरा थांबला. "तुमास्नी घाई हाय का?"

"…नाही," मी म्हणाले.

खरंच नव्हती. मी रोज जाऊ लागले. तो चाक घासायचा आणि मी स्टुलावर बसून बघायचे. एकदा त्यानं रुपेरी आणि राखाडी असे दोन रंग पत्र्याच्या तुकड्यावर लावून दाखवले. "राखाडी," मी म्हणाले, "धूळ दिसणार नाही."

"हुशार हायसा की! मग पुलावरच कसं चुकलं?"

"समोर बघत होते, बाजूला नाही."

"आता कुटं बघताय?"

मी पटकन मान फिरवली. भट्टीची धग असेल… गाल तापले होते खरे.

पण घरी परतताना रोज धोंडीराम आठवायचा. अंगणात विटांवर उभी गाडी दिसली की तिची पुढची रिकामी सीट बघवत नसे. एके दिवशी गुरुलिंगनं सहज विचारलं, "त्या दिशीचे काका कुटं हायत? दिसले न्हाईत परत."

"गावी गेलेत," मी म्हणाले. खोटं इतकं सहज आलं की माझी मलाच शिसारी आली.

दोन दिवसांनी गेले तर तो माझ्याकडं न बघता हात पुसत राहिला. "चाकं तयार हायत. अण्णास्नी सांगा, घेऊन जा म्हणावं."

"काय झालं?"

"रंगाचा माल आणाया मार्केट यार्डाकडनं गेलतो. काका तितं ज्वारीची पोती वाहत्यात. मी इचारलं तर मलाबी म्हणाले, गाडी माझ्या हातनं ठोकली." त्यानं वर पाहिलं. "माझ्यासमूर तरी खरं बोलायचं हुतं. गाडी तुमी चालवत हुता, ते तुमीच मला सांगितलं हुतं की."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. "मला वाटलं, कळलं तर तुम्ही माझ्याकडं तसं बघायचं बंद कराल."

"बंद हुत न्हाय," तो हळू म्हणाला. "त्येच तर वाईट हाय."

मी तिथून निघाले ती थेट अण्णांच्या दुकानात. गिऱ्हाईकं होती, दिवाणजी होते. घरी जाऊन सांगते म्हणाले असते तर पुन्हा जीभ अडली असती, म्हणून सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, गाडी मी ठोकली. धोंडीरामनं नाही. मी गप्प बसले."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं ओरडतील. ते फक्त म्हणाले, "चल."

मार्केट यार्डात धोंडीरामच्या पाठीवर पोतं होतं. ते त्यानं खाली ठेवलं. मी वाकून त्याच्या पायांना हात लावला.

"ताई, उठा की! लोकं बघत्यात."

"बघू देत."

अण्णा मान खाली घालून उभे होते. "चुकलं माझं, धोंडीराम. परत ये."

धोंडीरामनं अंगावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "बारा वर्सं झाली, मालक. एकदा तरी इचारायचं हुतं, खरंच तुज्या हातनं झालं का म्हणून." अण्णांनी हात जोडले. "घरात इचारून सांगतो," एवढंच तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो आला. पण पूर्वीसारखं हसायला त्याला पुढं महिने लागले.

तो आला त्याच सकाळी गुरुलिंग चाकं घेऊन आला. दोघांनी मिळून अंगणात ती बसवली. मी दाराआड उभी. बाहेर जायचं धाडस होईना. धोंडीराम पाणी प्यायला आत गेला तेव्हा गुरुलिंगच दाराशी आला.

"अण्णास्नी सांगितलंत म्हणं. दुकानात, सगळ्यांसमूर."

मी मान हलवली. वर बघवेना.

"आता माझं ऐका. मीबी लई साधा न्हाय." तो पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता. "अण्णा तुमास्नी घेऊन आले, त्या दिशी काका बरूबर न्हवते. तवाच मला शंका आलती. पण लई दिस इचारलं न्हाय. इचारलं तर तुमी यायच्या बंद व्हाल म्हणून… आन् दुसरं म्हंजे, काम चार दिसांचं हुतं. मी अकरा दिस लावले."

मी वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते!

"अकरा?"

"शेवटचे दोन हात गरजेचेच न्हवते," तो पुटपुटला. "लाज वाटतीया सांगाया. सोमवारी आई तुमच्या अण्णांकडं यायचं म्हणतीया… तुमास्नी मागणी घालाया. तुमी नगं म्हणालात तर तिला थांबवतो."

आतून धोंडीरामच्या खोकल्याचा आवाज आला. वेळ फार थोडा होता, आणि गप्प बसून काय होतं ते मला चांगलं कळलं होतं.

"थांबवू नका," मी म्हणाले. "फक्त त्यांना म्हणावं, दुपारी या. सकाळी अण्णा दुकानात असतात."