शार्क माघारी का फिरले?

“अगं, अजून पहिलाच व्हिडिओ? आमचे सहा झाले!” मिरचीनं कपाळावर हात मारला.

“बघतेय ना,” गोगलगाय म्हणाली. दहा वर्षांच्या या मावसबहिणीला हे नाव उगीच पडलं नव्हतं. बुटांच्या नाड्या बांधायलाच तिला पाच मिनिटं लागायची!

ती, मिरची आणि मिरचीचा चष्मेवाला भाऊ प्रोफेसर, अशा तिघांची सुट्टी यंदा मावशीच्या प्रयोगशाळेत चालली होती. प्रयोगशाळा म्हणजे धक्क्यावरची एक खोली, तीन कॉम्प्युटर आणि जिकडेतिकडे वाळू. मावशी शार्कचा अभ्यास करायची. समुद्रातल्या एका खडकापाशी शार्क यायचे आणि बोटाएवढे सफाई मासे त्यांच्या अंगावरचे, अगदी तोंडातलेसुद्धा, किडे वेचून खायचे. खडकाच्या तळाशी ठेवलेला कॅमेरा ते टिपायचा. मुलांनी फक्त शार्क मोजायचे होते.

पण गेले तीन आठवडे मोजायला शार्कच नव्हते! एखादा यायचा आणि लगेच माघारी फिरायचा.

“शनिवारी मत्स्यखात्याच्या बाई येणार,” मावशी म्हणाली. “शार्कना हा खडक लागतो असं दिसलं, तरच इथं जाळी टाकायला बंदी होईल. नाहीतर माझी तीन वर्षं पाण्यात.” तिचा चेहरा एवढासा झाला होता.

“मावशी, हे घर्रर्र काय वाजतं गं?” गोगलगायीनं मध्येच विचारलं.

“व्हिडिओला आवाजही आहे?” प्रोफेसर चकित झाला.

होता की! पण इथं सगळे व्हिडिओ आठपट वेगानं पळवायची रीत होती आणि तेवढ्या वेगात आवाज बंद व्हायचा. गोगलगाय मात्र आपल्या चालीनं बघत होती. सगळ्यांनी तिच्या पडद्यापुढे डोकी खुपसली. घर्रर्र झालं आणि खडकावरचे सफाई मासे झपकन वर पळाले! मग एक शार्क आला, जबडा उघडून घिरट्या घालत राहिला आणि शेवटी निघून गेला.

“बिचारा! दाढीला साबण लावून बसला आणि न्हावीच पसार!” मिरची म्हणाली.

प्रोफेसरनं वेळा तपासल्या. आवाज रोज सकाळी दहाला. “काचेच्या तळाची बोट! पर्यटकांना मासे दाखवायला दहालाच जाते ती!” तो ओरडला.

दुसऱ्या दिवशी दहाला तिघंही त्या बोटीत होती. मिशाळ बोटवाल्यानं खडकापाशी इंजिन बंद केलं आणि उकडलेल्या अंड्यांच्या चुऱ्याची बादली पुढे केली. “टाका! माशांची कशी झुंबड उडते बघा! महिन्यापूर्वी मलाच सुचलं हे!”

सफाई मासे अंड्यांसाठी खडक सोडत होते, मग पोट भरल्यावर किडे कोण वेचणार? मिरची भांडायला उठली. प्रोफेसरनं तिला खाली ओढलं. गोगलगायीनं मात्र विचारलं, “काका, या काचेतून शार्क दिसतात?”

“शार्क? छे! दिसले तर बोटीत बसायला जागा पुरायची नाही!”

“आम्ही दाखवतो. पण चार दिवस बादली घरी ठेवायची. नाही दिसले, तर आम्ही आठवडाभर तुमची बोट धुऊ.”

बोटवाला मिशीत हसला. फुकट बोट धुऊन मिळतेय, तर कोण नाही म्हणेल? “ठरलं!”

पहिल्या दिवशी इंजिन ऐकून मासे वर आले आणि उपाशीच खाली गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी निम्मेच आले. शार्कचा पत्ता नव्हता. बोटवाल्यानं तर पोरांना ब्रश आणि फडकी काढून दाखवली. उद्याच शनिवार होता!

शनिवारी खात्याच्या बाईही बोटीत बसल्या. इंजिन थांबलं. काचेखाली सफाई मासे आपल्या जागी होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मावशीनं ओढणीचं टोक बोटांना गुंडाळून घट्ट धरलं होतं.

आणि शार्क आला! खडकापाशी मंदावला, त्यानं जबडा उघडला आणि एक मासा सरळ आत शिरला.

“गिळला!” बाई किंचाळल्या.

“नाही हो, दात साफ करतोय,” गोगलगाय म्हणाली. खरंच, मासा कल्ल्यातून सुखरूप बाहेर आला. मागे दुसरा शार्क थांबला होता, त्याच्यामागे तिसरा.

बोटवाला गुडघ्यांवर बसला होता. “अकरा वर्षं रोज ही काच पुसतोय,” तो हळूच म्हणाला, “आज पहिल्यांदा तिच्यातून बघितलं. बादली आता कायमची घरी, पोरांनो. माझंच चुकलं.”

“इथं जाळी नको, अशी शिफारस मी आजच पाठवते,” बाईंनी वही काढली. “आणि हे शोधलं कुणी म्हणून लिहू?”

मावशीनं गोगलगायीच्या पाठीवर हात ठेवला. “या तिघांनी. पण पहिलं नाव हिचं लिहा. आम्ही सगळे धावत सुटलो होतो.”

“शाब्बास, बाळा!” बाई म्हणाल्या. “चला, निघू या आता?”

“थांबा ना,” गोगलगाय काचेवरून मान न उचलता म्हणाली, “तिसऱ्याचे दात अजून साफ व्हायचेत.”

आणि सगळे थांबले.