मिटलेल्या कडा

काल संध्याकाळी मिटलेलं पुस्तक आज सकाळी फोडलेलं होतं, एवढंच. दुसरी कोणी असती तर ‘कालच नीट पाहिलं नसेल’ म्हणून पुढच्या पुस्तकाला लागली असती. पण जिला कॉलेजातल्या मैत्रिणी ‘दचकी’ म्हणत, तिच्या हातातली पेन्सिलच गळून पडली.

पूर्वी काही पुस्तकं मिटलेल्या कडांची येत. छापलेला मोठा कागद दुमडून तसाच शिवायचा. वाचणाऱ्यानं सुरी घ्यायची आणि एकेक घडी फोडत पुढे जायचं. अशा पुस्तकाजवळ थाप चालत नाही. मालकानं कुठवर वाचलं, ते कडाच सांगतात. या घरातल्या कडांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की कपाटांवर कपाटं भरणाऱ्या त्या थोर संग्राहकानं यातलं जवळजवळ काहीच वाचलेलं नव्हतं. न फोडलेल्या पुस्तकाला किंमत जास्त येते म्हणे. आयुष्यभर पानं मांडायची आणि कुणाला घास घेऊ द्यायचा नाही, असला प्रकार. दचकीला मनातून संताप यायचा.

संग्राहक आता नव्हते. त्यांचा मुलगा सगळं विकायला निघाला होता, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानानं नोंदी करायला दचकीला पाठवलं होतं. ही तिची पहिलीच नोकरी. पुठ्ठ्यांचे रंग उडू नयेत म्हणून खोलीचे जाड पडदे कायम ओढलेले असत. भर दुपारी दिवा लावून बसावं लागे. दिव्यापलीकडे, पडद्याजवळ एक खुर्ची होती. तिच्याकडे दचकी शक्यतो बघत नसे.

फोडलेला होता तो एका तीन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग. दुसऱ्या दिवशी दुसराही फोडलेला निघाला. खुर्चीखाली फरशीवर पाण्याचे थेंब होते, आणि खोलीत भांडी घासायच्या साबणाचा वास. स्वयंपाकघराचा नळ तर केव्हाच बंद केलेला. पानं मात्र खडखडीत कोरडी. फक्त प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर बारीक ओरखडा, टोकदार कशानं तरी पान उचलून उलटावं तसा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा खोकी बंद करून न्यायला आला. त्यानं पहिला भाग दिव्याखाली धरला.

“हे काय, मॅडम? हात शिवशिवले वाटतं?”

“मी नाही केलं.”

“मग उंदरांनी वाचलं?”

“कडा बघा ना. सुरीनं अशा दातेरी होत नाहीत. केसांच्या आकड्यानं फाडल्यात.” तिनं आपल्या कानापर्यंतच्या केसांवरून हात फिरवला. “मी आकडे कुठे लावणार?”

“या घरात आकडे लावायची ती आई. ती तर बाबांच्याही आधी गेली. आणि तिला कुठली वाचनाची आवड? कधी पुस्तक हातात घेतलेलं पाहिलं नाही मी.”

“कुणी घेऊ दिलं असतं?”

“बाबा म्हणायचे, तुझे हात कायम ओले, कागदाला डाग पडेल.” त्याला हसू आलं. “असायचे हो खरंच ओले. वीस माणसांचं घर होतं.”

“यात हसण्यासारखं काय आहे?” दचकीचा आवाज कापत होता, पण भीतीनं नव्हे.

“हे बघा, गाडी दारात आहे. मी ही खोकी खाली पोचवतो, तोवर उरलेली भरा. आणि या कादंबरीचं मी तुमच्या दुकानाला कळवणार आहे. तुमची नोकरी राहते का, ते तुम्ही आणि ते बघा.”

त्याची पावलं जिन्यावरून उतरत गेली. दचकीनं तिसरा भाग उचलला. तो जवळजवळ सगळा फोडलेला होता. शेवटच्या काही घड्या तेवढ्या मिटलेल्या. आता हा दुसऱ्या कुठल्या तरी काचेआड जाणार, आणि शेवट काय झाला ते...

नोकरी गेली खड्ड्यात. जन्मभर ज्यांच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं, त्यांना शेवटच्या चार पानांवरून उठवायचं?

तिनं दाराला आतून कडी घातली. पुस्तक खोक्यात न ठेवता पडद्याजवळच्या खुर्चीवर ठेवलं, दिवा तिकडे वळवला, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बघायची छाती नव्हती.

बराच वेळ काहीच नाही. मग साबणाचा वास आला. मग चर्र... घडी फाटल्याचा आवाज. थोड्या वेळानं पुन्हा चर्र... खालून मुलाच्या हाका येऊ लागल्या. दारावर थाप पडली. तिनं कडी काढली नाही.

घड्या फाटायचा आवाज थांबला.

“काकू...” तिनं भिंतीकडेच बघत विचारलं. “काकू, झालं का वाचून?”

फरशीवर एक थेंब पडला. मग दुसरा, तिच्या टाचेपाशी.

“काकू... काही हवंय का?”

आणि अगदी कानाजवळ, मोरीवरून लगबगीनं उठून आलेल्या बाईसारखा दमलेला, दबका आवाज आला.

“शेवटचं पान तेवढं तू उलट गं... आकडा मोडला. माझे हात ओले आहेत.”