शॉक फक्त अज्जांनाच!

“चट्!”

आवाज एवढासाच झाला, पण अज्जांचा हात असा काही मागे आला की हातातला चिरोट्यांचा डबा उडाला आणि घरंगळत फाटकापाशी जाऊन थांबला.

“परत शॉक!” अज्जा बोटं झटकत म्हणाले. “ह्या गाडीनं माझ्याशी काय वैर धरलंय कुणास ठाऊक!”

अज्जा म्हणजे श्रीविद्याचे आजोबा, बिंदुमाधवराव. श्रीविद्या, तिचा धाकटा भाऊ प्रणीत आणि पुण्याहून सुट्टीला आलेला आतेभाऊ शुभंकर मागच्या दारांनी केव्हाच उतरले होते. त्यांना काही म्हणजे काही झालं नव्हतं!

फाटकात उभ्या असलेल्या अप्पांनी, म्हणजे श्रीविद्याच्या बाबांनी, पुढे येऊन गाडीचं दार धरलं, उघडलं, आपटलं.

“मला कुठे काय होतंय, अण्णा?” त्यांनी अज्जांना विचारलं.

“मग मी काय खोटं बोलतो का रे, सुमंता?”

“तसं नाही हो. पण गॅरेजवाल्यानं सगळं वायरिंग तपासलं. ‘गाडी सरी इदे, सार’ म्हणाला. गाडी ठीक आहे. म्हणजे मग...” अप्पांनी अज्जांच्या हाताकडे पाहिलं. “हाताला झटके यायला लागलेत तुमच्या. चालवताना आला म्हणजे? उद्या डॉक्टरांना दाखवू. तोवर किल्ली माझ्याकडे द्या.”

जयनगरच्या त्या गल्लीत अज्जांनी खिशातून किल्ली काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि अप्पांच्या तळहातावर ठेवली.

“सरी,” एवढंच म्हणाले. मग पायरी चढता चढता थांबले. “मालोजीला फोन करून सांग, ह्या गुरुवारी येणं व्हायचं नाही.”

मालोजीराव हे अज्जांचे शाळेपासूनचे दोस्त. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा पाय कायमचा रुसला आणि लेकाकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीला, त्यांनी जी खाट धरली ती धरलीच. दर गुरुवारी अज्जा गाडी घेऊन तिथे जायचे, कॅरम मांडायचे आणि भांडण करून परत यायचे. दोन बस बदलणं अज्जांच्या गुडघ्याला जमणारं नव्हतं, आणि मारतहळ्ळीचं नाव काढलं की रिक्षावाले तोंड फिरवायचे.

“व्हिडिओ कॉल करा की,” अप्पा म्हणाले.

“व्हिडिओवर सोंगटी कशी मारायची रे?” अज्जांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते आत गेले.

इतकं हळू बोलणारे अज्जा श्रीविद्याने कधी पाहिलेच नव्हते!

त्या दुपारी तिचं बूड एका जागी टेकेना. गच्चीवर गेली, खाली आली, फ्रिज उघडला, उगाच बंद केला. बाहेर एप्रिलचा कोरडा खडखडीत वारा सुटला होता, सगळ्यांचे ओठ फुटले होते. शेवटी तिने प्रणीत आणि शुभंकरला कुलूप न लावलेल्या गाडीत नेऊन बसवलं.

“ह्या गाडीतच काहीतरी आहे. अज्जा खोटं बोलत नाहीत!”

“लॉजिकली बोल ना यार,” शुभंकर म्हणाला. “गाडीत करंट असता तर सगळ्यांनाच बसला असता!”

गाडी नवी कोरी होती. घरी आली त्या दिवशी चाकांखाली लिंबं चिरडली होती, नारळ फोडला होता आणि अप्पांनी दोन कायदे केले होते. पहिला, सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. नवी गाडी नवीच दिसली पाहिजे! दुसरा, गाडीत चपला घालायच्या नाहीत. पूजा झालेली गाडी आहे! सगळ्यांची पादत्राणं पिशवीत भरून डिकीत जायची, आणि जयनगर असो नाहीतर इलेक्ट्रॉनिक सिटी, हे आख्खं कुटुंब देवळात निघाल्यासारखं अनवाणी खाली उतरायचं. लोक बघत राहायचे!

प्रणीतला विचारबिचार करण्यात रस नव्हता. तो प्लॅस्टिकवरून सर्रकन घसरगुंडी खेळत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

“ए, ह्याचे केस बघ!” शुभंकर ओरडला. प्रणीतच्या डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले होते. श्रीविद्याने ते खाली दाबायला हात पुढे केला आणि—

“चट्!”

“आई गं!” दोघंही एकदम किंचाळली.

“स्टॅटिक!” शुभंकरने मांडीवर थाप मारली. “घर्षणाने तयार होते ती वीज! ह्याच वर्षी होतं आम्हाला! प्लॅस्टिकवर कपडे घासले की अंगात साठते. आणि हवा अशी कोरडी असली की विचारूच नका!”

“पण मग उतरताना आपल्याला का नाही बसत?”

प्रणीत घसरत खाली उतरला, दाराला हात लावला. काही नाही! शुभंकरही उतरला. काही नाही! श्रीविद्याने त्यांच्या पायांकडे पाहिलं. मळके, अनवाणी, फरशीवर टेकलेले चार पाय. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती धावत आत गेली आणि अज्जांचे बूट घेऊन आली.

गुडघ्यासाठी डॉक्टरांनी दिलेले ते जाड रबरी तळव्याचे बूट! अप्पांच्या कायद्यातून फक्त त्यांना माफी होती. अप्पा ते फडक्याने पुसायचे आणि मगच अज्जांना गाडीत बसू द्यायचे.

“घाल,” तिने शुभंकरला हुकूम सोडला. “आता घसर. उतर. दार धर!”

“चट्!”

“ओ माय गॉड!” शुभंकर एका पायावर नाचायला लागला. “रबर! आपली वीज पायांतून गुपचूप जमिनीत जाते. आजोबांची रबरामुळे अडते, आणि दाराला हात लावला की एकदम उडी मारते!”

तिघंही धावत अप्पांकडे गेली. अप्पा लॅपटॉपसमोर, कानात हेडफोन. त्यांनी अर्धं ऐकलं, उरलेलं हाताने उडवून लावलं. “मीटिंग चालू आहे. अज्जांच्या तब्येतीचा प्रश्न आहे, शाळेचा प्रोजेक्ट नाही!”

श्रीविद्याला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

“सांगून कळत नाही ना,” ती बाहेर येऊन म्हणाली, “मग अनुभवच देऊ!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकली काढून तिघांनी दवाखान्याच्या रस्त्याची पाहणी केली. रस्ता कुठल्याशा पाइपासाठी खणला होता आणि टोकदार खडी सगळीकडे पसरली होती. दवाखान्याकडचा दगडी फूटपाथ मात्र स्वच्छ होता. वा! ह्याहून छान काय असणार?

संध्याकाळी निघताना श्रीविद्या अज्जांच्या कानाला लागली. “आजच्या दिवस बूट काढून बसा ना. मला द्या, मी सांभाळते.”

“काय चाललंय तुमचं?”

“विश्वास ठेवा!”

अज्जांनी मुकाट्याने बूट काढून दिले आणि ते पुढे, अप्पांच्या शेजारी बसले. वाटभर त्यांनी खिडकीबाहेरच पाहिलं. मागे श्रीविद्याने बूट मांडीवर घट्ट धरले होते. ऐन वेळी शॉक बसलाच नाही तर?

दवाखाना आला. अप्पांनी नेहमीप्रमाणे अनवाणी पाय बाहेर टाकला.

“आई आई गं! काय ही खडी!”

“चपला डिकीत आहेत, अप्पा! तिथवर जाईपर्यंत पायांची चाळण होईल,” श्रीविद्या साळसूदपणे म्हणाली. “अज्जांचे बूट घाला की! बापलेकांचं माप एकच आहे.”

अप्पांनी सीटवर बसूनच बूट चढवले. प्लॅस्टिकवरून सर्रकन घसरत ते उतरले आणि त्यांनी दार लोटायला हात लावला.

“चट्!”

“अय्यो!” अप्पांचा हात उडाला आणि किल्ली थेट खडीत जाऊन पडली!

“मामा,” शुभंकरने काळजीच्या सुरात विचारलं, “हाताला झटके येतात का?”

“डॉक्टरांकडे आलोच आहोत,” श्रीविद्या म्हणाली. “अप्पा, तुमचाही नंबर लावू?”

तेवढ्यात पलीकडे अज्जा अनवाणी फूटपाथवर उतरले. त्यांनी दाराला भीतभीत बोट लावलं. मग पंजा. मग दोन्ही हात! काही नाही! अज्जा असे खदखदून हसले की दवाखान्यातून डॉक्टर प्रमोदिनीबाई बाहेर आल्या.

अप्पांना अजून खरं वाटेना. ते पुन्हा बसले, पुन्हा उतरले. पुन्हा चट्! मग मात्र त्यांनी तिघांचं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बूट काढायची गरज नाही,” शुभंकर म्हणाला. “प्लॅस्टिक काढा. आणि उतरायच्या आधीपासून दाराची धातूची कड धरून ठेवायची. मग चटका बसत नाही!”

डॉक्टरबाईंनी तिथेच अज्जांचे हात पुढे धरायला लावले, बोटं तपासली. “हात अगदी स्थिर आहे. निदान तर मुलांनी आधीच केलंय! सुमंतराव, हुशार आहेत हो तुमची मुलं.”

“हुशार आहेत,” अप्पा म्हणाले. “मीच ऐकलं नाही.”

त्यांनी जीव कठीण करून सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा ओढून काढलं. मग खडीत वाकून किल्ली शोधली, शर्टाला पुसली आणि अज्जांच्या तळहातावर ठेवली.

“चुकलो, अण्णा.”

“सरी,” अज्जा म्हणाले. पण ह्या वेळी त्यांनी श्रीविद्याला जवळ ओढून घेतलं होतं. “मालोजीला फोन लाव गं. म्हणावं, गुरुवारी चौघं येतोय. बोर्डाला पावडर लावून ठेव!”

अज्जा चालकाच्या सीटवर बसले. अप्पाही घाईघाईने शेजारी बसायला लागले, तसे अज्जा त्यांच्या पायांकडे बघत म्हणाले,

“सुमंता, बूट! पूजा झालेली गाडी आहे!”