मागे दुमडलेला पैलवान

चिंचवडला ज्योतीरामच्या चौकटींच्या दुकानात कुणी चित्र घेऊन आलं, की तो आधी एकच गोष्ट विचारी, "हातचं का छापील?" छापील असलं तर चौकटीत बसेल तसं कडेने कापायला त्याला काही वाटत नसे. पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेली माणसं लक्ष्मीच्या, दत्ताच्या छापील तसबिरी आणत आणि त्यांच्या कडा रोज कापल्या जात. पण माणसाने हाताने काढलेलं चित्र असलं, की पातं बाजूला. चौकट मोठी करायची, नाहीतर चित्र परत द्यायचं. "हातच्या चित्रात जीव असतो," असं तो म्हणे आणि गिऱ्हाईक हसे.

त्या दुपारी त्याची मुलगी इंद्रायणी शाळेतून येऊन खळ ढवळत बसली होती. बाहेर उन्हाने रस्ता ओस पडला होता. एकाएकी दारातला उजेड गेला, म्हणून तिने मान वर केली. दारात सयाजी पैलवान उभा होता.

त्याने आणलेली गुंडाळी फळीवर उलगडली. गावाने ड्रॉइंगच्या मास्तरांकडून मुद्दाम काढून घेतलेलं रंगीत चित्र होतं. सलामीला उभे दोन पैलवान. डावीकडे सयाजी, उजवीकडे चिखलीचा भिमाजी. दोघांचे हात पुढे आलेले, पण अजून हाताला हात लागलेला नव्हता. मध्ये बोटभर कोरा कागद होता.

भिमाजीचे डोळे इंद्रायणीला पाहवेनात. गेल्या जत्रेत त्याच कुस्तीत तो मेला होता. तो चीत झाला, पंचाने कुस्ती सोडवली, आणि त्यानंतर सयाजीने त्याच्या मानेवर गुडघा दिला. वाळली काटकी मोडावी तसा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता. खेळात झालं म्हणून सगळं मिटलं.

"दिवेलागणीला चावडीवर सत्कार हाय माझा," सयाजी म्हणाला. "ह्ये तितं लागंल. पर ह्यो नको." त्याने भिमाजीच्या तोंडावर अंगठा दाबला. "काप ह्याला."

"हातचं हाय, पैलवान. मोठी चौकट करतो, दोघंबी मावत्याल."

"मेलेल्याला कशापायी जागा रं?"

"हातचं आमी कापत न्हाई."

सयाजी हसला. रामराम करावा तसा त्याने ज्योतीरामचा उजवा हात हातात घेतला आणि पहिलं बोट सावकाश मागे वाकवलं. कट्ट झालं. मग दुसरं. ज्योतीराम गुडघ्यांवर आला. 

"अजून हायती," सयाजी म्हणाला. "ह्याच हातानं हातोडी धरतोस न्हवं?"

इंद्रायणी गिऱ्हाइकापुढे कधी तोंड उघडत नसे. ती उठली. "मी करते... सोडा आबांना. मी करते."

"काप, इंदे," ज्योतीराम दातांवर दात दाबून म्हणाला. "काप एकदाचं..."

तिने पातं उचललं. टोक त्या बोटभर कोऱ्या जागेवर टेकवलं. भिमाजी तिच्याकडे पाहत होता. तिचा हात पुढे जाईना. आबांचं तिसरं बोट सयाजीच्या मुठीत होतं. मग तिने पातं ठेवलं, पट्टी लावली आणि भिमाजीचा अर्धा कागद मागे दुमडला. नखाने घडी दाबली.

"आता दिसत नाही," ती म्हणाली.

सयाजीने वाकून पाहिलं. चित्रात तो एकटाच उभा होता, रुबाबात. "झ्याक! ऱ्हाऊ दे मढ्याला मागं."

तिने काच बसवली, पाठीला पुठ्ठा लावला आणि बारीक चुका ठोकल्या. चौकट काखेत मारून सयाजी गेला. जाताना म्हणाला, "पोरी, सत्काराला ये. बग तुजं काम कसं दिसतंय."

ज्योतीराम भिंतीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा बोटांच्या दुखण्याने पडेल त्याहून जास्त पांढरा पडला होता. "इंदे... मागं घातलंस त्याला? अगं, आखाड्यात जो गड्याच्या पाठीमागं गेला, त्याचीच कुस्ती. तालमीतल्या शेंबड्या पोराला कळतं ह्ये..."

आबांच्या बोटांना फडकं बांधून दिवेलागणीला ती चावडीकडे गेली. मागच्या खांबाशी उभी राहिली. चावडीपुढे शहाबादी फरशी होती, धुऊन काढलेली. सयाजी रेशमी सदरा घालून आपल्या चित्राखाली बसला होता. हार आला. तो मान वाकवून पुढे झाला आणि तसाच राहिला.

वास आला. हळद, ताक आणि तेल मुरलेल्या आखाड्याच्या मातीचा वास.

"मागं... मागं कोन हाय?"

"कुनी न्हाई, पैलवान," पाटील हसून म्हणाले. "आमी समदे म्होरं हाय."

"मान... सोड... मान..."

त्याच्या दंडावरचं मांस आत दबलं. तिथे कुणाचंच बोट नव्हतं. मग त्याचं तोंड फरशीवर आदळलं. उचललं गेलं, पुन्हा आदळलं. दात घरंगळत बायकांच्या पायांपर्यंत आले. कुणी किंचाळलं, कुणी पळालं. इंद्रायणीला डोळे मिटता येईनात. सयाजीच्या मानेमागे एक खड्डा पडू लागला, वाटीएवढा, गुडघ्याएवढा. तो खोल खोल होत गेला. मग तो आवाज झाला. शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

सयाजी पालथा पडला होता. पण त्याच्या रेशमी सदऱ्याची पाठ, मानेपासून कमरेपर्यंत, लाल मातीने भरली होती.

"पाठ लागली, चीत," गर्दीतला एक म्हातारा सवयीने पुटपुटला आणि त्याने आपलंच तोंड दाबून धरलं.

इंद्रायणी एकटीच घरी आली. वाटेत कुणी भेटलं नाही. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. दार लावून ती कंदिलाची वात मोठी करायला वळली.

"इंदे," ज्योतीराम अंथरुणावरून हळूच म्हणाला, "तुला शाबासकी कुनी दिली?"

"कुणी नाही, आबा... का?"

तो तिच्या पाठीकडेच पाहत होता. तिने हात मागे नेला. पाठीवर पोलक्याचं कापड ओलं होतं. बोटं उजेडात धरली, तर ती लाल मातीने माखली होती. पोलकं काढून तिने कंदिलापुढे पसरलं. त्यावर एक पंजा उमटला होता, तिच्या दोन्ही खांद्यांना पुरेल एवढा.

माती अजून ऊन होती.