मागची डावी कमान

सौंसरच्या जिनिंगात कापसाच्या बैलबंड्या तोलायचं काम माझ्याकडं. भरलेली बंडी काट्यावर घ्यायची, माल उतरला की रिकामी घ्यायची, मधला फरक तो कापूस. अकरा वर्षं हेच करून राहिलो. शेतकरी म्हणतो काटा मारला, व्यापारी म्हणतो ओला माल चढवला. मी दोघांचंही ऐकत नाही. जे काट्यावर चढत नाही ते माझ्या लेखी नाही. स्वभाव खडूस आहे म्हणता? असू द्या.

गाडी घेतली ती अनुराधासाठी, माझ्या बायकोसाठी. दोनदा तिला बंडीत निजवून नागपूरची वाट धरली आणि दोन्ही वेळा बोरगाव ओलांडायच्या आत पोर गेलं. बस आणि रेल्वे आपल्या वेळेवर चालतात, बाळंतपण आपल्या. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी ठरवलं, हे लेकरू वाटेत जाऊ द्यायचं नाही. वडिलांच्या संत्र्याच्या बगीच्यानं दोन वर्षं बरी साथ दिली होती. छप्पन सालच्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात नागपूरला जाऊन जुन्या गाड्यांच्या एका दुकानातून काळी विलायती मोटर घेतली. इंजिन ऐकलं, चाकं पाहिली, खाली वाकून तेल गळतं का तेही पाहिलं. मला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे, असं तेव्हा वाटत होतं.

जुना मालक दुकानातच बसून होता. रघुनाथराव म्हणून म्हातारा, धुतलेलं धोतर, हातात टोपी. मी चावी घेतली तसा तो उठला आणि मागच्या सीटवरची, गेलेल्या बायकोची लाल दुलई तेवढी मागू लागला. जुनी, विटलेली, डावीकडं घडी घालून ठेवलेली. मी नाही म्हटलं. गाडीत आहे ते गाडीचं, सौदा झाला तेव्हा का बोलला नाहीत, असं तोंडावर सांगितलं. म्हाताऱ्यानं हात जोडले. मी गाडी सुरू केली. खरं सांगतो, दुलई मला नकोच होती. पण सौद्यानंतर कोणी काही मागितलं की माझं डोकं सटकते.

पहिल्या आठवड्यातच गाडी मागून डावीकडं बसली. उभी केली की एका बाजूनं झुकलेली दिसायची. त्यात मागचं डावं दार आपोआप उघडायचं, कुठंही थांबलो की हळूच उघडायचं आणि जरा वेळानं लागायचं. मी दाराचा खटका बदलला. फरक पडला नाही.

पांढुर्ण्याला नत्थूजी म्हणून मिस्त्री आहे, लढाईत पलटणीच्या मोटरी दुरुस्त केलेला. त्याच्याकडं नेली. त्यानं चाकावरची स्प्रिंगची कमान काढून नवीन घातली, गाडी सरळ झाली. मी चहा पिऊन आलो तो पुन्हा झुकलेली. नत्थूजी खाली शिरला, बराच वेळ निघालाच नाही. निघाला तेव्हा हात पुसत मला बाजूला घेऊन गेला.

"कमानीत खोट नाही ना जी. ते दबून राहिली. कोणी बसलं असल्यावर दबते तशी."

मी त्याला मूर्ख म्हटलं. त्यानं वाद घातला नाही, मजुरीही घेतली नाही. पुन्हा आणू नका, एवढं मात्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिनिंगात काम थंड होतं. मी गाडी बंड्यांच्या काट्यावर चढवली, खाली उतरलो, वजन घेतलं. गाडीच्या कागदावर होतं त्यापेक्षा सव्वा मण जास्त. टाकीतलं तेल वजा केलं, जादा चाक काढून ठेवलं, दुलई काढून भिंतीवर टाकली. सव्वा मण तसंच. मग मागचं डावं दार आपोआप उघडलं, आणि काटा हलला. सावकाश खाली आला, कागदावरच्या वजनाशी थांबला. जरा वेळानं दार लागलं आणि काटा पुन्हा सव्वा मण वर गेला. माझ्या काट्यात खोट नाही. मी रोज सकाळी तो तपासतो.

घरी मी कोणाला बोललो नाही, पण मायला कसं कळलं देव जाणे. शकुबाई म्हणजे माझी माय, बैलबाजार पाहून पाहून म्हातारी झालेली. तिनं एकच विचारलं, जुन्या मालकानं काय ठेवून घेतलं. मी फुशारकीनं सांगितलं की काहीच नाही, दुलईसुद्धा सोडली नाही. ती पीठ मळता मळता थांबली.

आमच्याकडं बैल विकला तरी दावं विकत नाहीत. विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणारा नवं आणून बांधतो. जुन्या घरची माया दाव्यात राहते म्हणतात. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. पण मोटर म्हणजे काय बैल आहे का?

"दाव्यासकट आणलं तू," माय म्हणाली. "आता ते आपल्या घरचं झालं."

तिला उलट बोललो. पण रविवारी दुलई घेऊन नागपूर गाठलं. तोवर एक नोव्हेंबर उलटून गेला होता, नागपूर मुंबई राज्यात आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो होतो. बोरगावच्या पुढं नवा नाका बसला होता. दुकानदारानं कानावर हात ठेवले. रघुनाथराव दिवाळीतच वारले, घरात मागं कोणी नाही, दुलई आपण घेणार नाही. गाडी परत घे म्हटलं तर हसला. तुमचं राज्य वेगळं, आमचं वेगळं, तक्रार तिकडं जाऊन करा. मी दुलई त्याच्या टेबलावर फेकली आणि निघालो. गाडी डावीकडं झुकलेलीच होती.

विकून टाकावी असं शंभरदा मनात आलं. पण अनुराधाला आठवा लागला होता आणि दुसरी गाडी कुठून आणू?

ती मात्र घाबरत नव्हती, याचाच मला राग यायचा. मागं उजव्या बाजूला अंग चोरून बसायची. मधोमध नीट बस म्हटलं तर म्हणायची, "जागा नाही."

जानेवारीत एका सकाळी कळा सुरू झाल्या. मायनं सगळं बांधून दिलं, पण गाडीत पाय ठेवला नाही. आम्ही दोघंच निघालो. बोरगाव येईपर्यंत अनुराधा ओरडत होती. मग एकदम गप्प झाली. दोन्ही वेळा अशीच गप्प झाली होती.

"अनुराधा?"

"चालवा तुम्ही," ती म्हणाली. आवाज झोपेतल्यासारखा. "ती पाठ चोळून राहिली माझी. बरं वाटते."

मी मागं पाहिलं नाही. गाडी चालवली.

मुलगा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाई इतकी शांत आली म्हणून दोघं वाचले. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो. त्या दिवशी मला कशाचीच भीती वाटली नाही.

बाराव्या दिवशी घरी निघालो. मी सामान चढवलं, वळलो, तर अनुराधा पुढं माझ्या शेजारी येऊन बसली होती. हात रिकामे.

"बाळ कुठं आहे?"

"मागं."

"एकटा?"

ती समोर रस्त्याकडं पाहत राहिली. मी बाळाला घ्यायला मागं हात घातला. तो किंचाळून रडायला लागला, एवढा की चेहरा काळा पडला. हात काढला, की थांबला.

पुन्हा घातला. पुन्हा तसंच.

"राहू द्या," अनुराधा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माझ्याजवळही असंच करते. देत नाही ती."

मी गाडी हळू चालवली. कुठं एवढ्यातेवढ्या आवाजानं दचकायला नको म्हणून भोंगाही वाजवला नाही.

नाक्यावर थांबावं लागलं. शिपाई मागच्या काचेतून आत वाकला, तसा चटकन मागं सरला आणि बाईमाणसासमोर करावा तसा आवाज खाली आणून म्हणाला, जा, जा.

इंजिन बंद पडलं होतं. गाडी एका जागी उभी. मी आरशात पाहिलं.

सीट डावीकडं उतरती झाली होती. बाळ घरंगळायला हवं होतं. घरंगळलं नव्हतं. ते सीटपासून वीतभर वर निजलं होतं.

अंगावर दुपटं होतं. त्या दुपट्यावर, पोटाच्या जागी, तळव्याएवढा खळगा पडत होता आणि भरत होता. पडत होता आणि भरत होता. सावकाश, तालात.