तारवाची तिसरी हाक

पहिल्याच भेटीत मी त्याला मासळीच्या पाण्याने आंघोळ घातली. दिवाळे गावातल्या आमच्या पायरीवरून न बघता बादली रिकामी केली आणि समोर नेरूळचा आशुतोष... इस्त्रीच्या शर्टाला कोळंबीची सालं चिकटलेली.

"नामदेव तांडेल इथेच राहतात ना? मला 'तारू' या शब्दाबद्दल विचारायचंय."

"शब्द विचारायला आलात? एवढ्या उन्हात?"

"आणि एवढ्या वासात!"

नामदेव म्हणजे माझा आजा; तो खळखळून हसला. चौऱ्याण्णव सालची ती दिवाळी नुकतीच सरली होती. आशुतोष न्हावा-शेव्याच्या बंदरात कारकून होता आणि जुन्या मालवाहू जहाजांचे शब्द गोळा करायचं त्याला वेड होतं. मग तो दर रविवारी येऊ लागला.

"पार नेतं तं तारू," आजा सांगायचा. "मीठ नेलं, कौलं नेली, मानसं नेली."

"शब्दही तिथूनच आलाय, आजोबा. तरणं, म्हणजे पाण्यापार जाणं," तो वहीत लिहायचा. लिहिताना बघायचा मात्र माझ्याकडे.

एकदा आजाने सांगितलं, शीड चढवण्याआधी तांडेल, म्हणजे तारवाचा प्रमुख, किनाऱ्याकडे तीन हाका मारायचा... 'कोन रायलंय का?' तिसरीनंतर तारू कुणासाठी थांबत नसे.

चैत्रात आशुतोष रिक्षाने आला. बदली कांडल्याला, गाडी संध्याकाळची. आणि मला बघायला उलव्याचे पाहुणे येणार होते रविवारी! त्याला ते माहीत होतं. तो मला आवडत होता, फार आवडत होता, पण आत बाबा बसले होते आणि माझी जीभच उचलेना.

"येतो, जागृती."

मी नुसती मान हलवली. रिक्षा सुरू झाली... आणि त्याने डोकं बाहेर काढलं.

"कोण राहिलंय का?"

हातातली बादली खाली ठेवायचंही मी विसरले.

"कोण राहिलंय का?" ही दुसरी हाक.

"बाय," आजा हळूच म्हणाला, "आता एकच हाक हाय."

आशुतोषने तोंड उघडलं, पण तिसरी हाक त्याच्याच्याने निघेना. मला राहवलंच नाही.

"मी! मी रायलेय!"

सगळ्या आळीने ऐकलं. बाबांनीही. रिक्षा बंद झाली. आशुतोष उतरला, पायरीशी चपला काढल्या आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाला, "बाबा आत आहेत ना? मला त्यांच्याशी बोलायचंय."

"बोल ना," आजा म्हणाला. "जागे, आदी ती बादली बाजूला ठेव."